कंडक्टर शेवटी उतरते

आमच्या याईचं, म्हणजे माह्या नवऱ्याचं, नाव किसनराव. पण जानेफळात येऊन किसनरावचं घर विचारसान तं कोणाले सांगता येणार नाही. कंडक्टरचं घर विचारा, लहान पोरगंही दारात आणून सोडते. सारी नोकरी मेहकर डेपोत झाली. रिटायर होऊन कितीक वर्सं झाले, पण माणूस अजून ड्युटीवरच आहे. लग्नात गेले तं मांडवातले माणसं मोजते. पाहुणे आले तं "सरका, सरका, मागं जागा आहे" म्हणते. अन् गाडी कोणतीही असो, एसटी असो, काळीपिवळी असो, का भाच्याची कार असो, सगळे उतरल्याबिगर हा माणूस खाली पाय ठेवत नाही. सगळे उतरले का मंग मागच्या शिटापासून पुढपर्यंत वाकून वाकून पाह्यते, वरच्या फळीवर हात फिरवते, अन् मंग उतरते.

मी किती डाव बोलली. म्हणलं, तुमच्या बापाची गाडी आहे काय हे? तं म्हणे, "कंडक्टर शेवटी उतरते, सिंधू."

याच्यामागं एक गोष्ट आहे. तेही सांगून टाकते, नाहीतं तुम्ही म्हणसान बाई नुसती नवऱ्याच्या नावानं बोंबलते. बीबी गावची मुक्कामी गाडी होती. गाडी पोचली, माणसं उतरले, ड्रायव्हर जेवाले गेला. याईनं मागं जाऊन पाह्यलं तं शेवटच्या शिटाखाली एक पोरगी झोपेल. मायबापाले वाटलं मामासंग उतरली, मामाले वाटलं मायबापासंग. थंडी अशी का हात सुन्न होत. याईनं तिले खांद्यावर घेतलं, अंगातला कोट तिच्यावर टाकला अन् विचारत विचारत तिच्या घरी नेऊन देलं. तवापासून हे खोड लागली. अशा खोडीले वाईट तरी कसं म्हणाव? मीच तवा गावात चारचौघींले कौतुकानं सांगत होती.

त्या खोडीनं आमचं काय केलं, ते आता सांगते.

आमचा अश्वजित जर्मनीत इंजिनियर होता. लग्नही तिथल्याच पोरीशी केलं. तिचं नाव माह्या जिभेवर बसत नाही, मी सूनबाईच म्हणते, अन् तिले ते आवडते. त्याईले एक पोरगी, मंजुश्री. नाव आबानं, म्हणजे याईनंच, ठेवेल, पण आमच्यासाठी ते मंजीच. मागच्या वर्षी अश्वजित झोपला तो उठलाच नाही. दुखणं नाही, खुपणं नाही. नागपूरचा एक पोरगा त्याच्या अस्थी घेऊन आला. भंतेजी आले, जलदान झालं, गाव जेवून गेलं. घरात आम्ही दोघं राह्यलो, अन् मंजीचा फोन.

फोनवर तिचं न् आबाचं ठरेल होतं. फोन लागला का याईनं तोंडानं घंटी मारायची, टिंग टिंग. डबल बेल झाली म्हणजे गाडी सुटली, मंग बोलणं सुरू. अन् बोलणं सरलं का मंजी तिकडून एकच मारे, टिंग. सिंगल बेल म्हणजे गाडी थांबली. अश्वजितनं पोरीले वऱ्हाडीच शिकवेल होती, पुस्तकातली मराठी नाही. "आजी, काय करून राह्यली वं?" असं विचारे. त्या गोऱ्या तोंडातून माह्या पोराची बोली ऐकली का मले भरून येई. मी फोन याईच्या हातात देऊन चुलीपाशी जाऊन बसे.

मंग सूनबाईनं कळवलं का ते लग्न करून राह्यली. इंग्रजीत लिहे, आमची भाची वंदना वाचून सांगे. त्या माणसाची नोकरी न्यूझीलंडले, म्हणून ह्या दोघीही तिकडं चालल्या. मी म्हणलं, करू दे. तिचं वय काय अन् तिनं जलमभर फोटोले फुलं वाहाव काय? पण मले झोप येईना. पोरगी नव्या देशात जाईन, नव्या माणसाले पप्पा म्हणीन, तिच्याशी वऱ्हाडी बोलीन कोण? आपण तं फोनमधले म्हातारे. हळूहळू फोनही बंद होईन. म्हणलं, एक डाव तिले मांडीवर घेऊ दे, तिच्या डोक्याले तेल लावू दे, मंग जाऊ दे कुठं जायाचं ते. मले एवढंच पाहिजे होतं. ह्याच्यासाठी मी पासपोर्ट काढला, विमानात बसली, नाहीतं मी मेहकरच्या पुढं जायाले कंटाळते.

व्हिसा येता येता सूनबाईचं घर रिकामं झालं, सामान जहाजात गेलं. मंग तिनं मधातलं एक गाव काढलं. आमची गाडी तिथं थांबे अन् तिची विमानतळाची गाडी तिथूनच सुटे. स्टेशनाले लागूनच हॉटेल आहे म्हणे, खिडकीतून फलाट दिसते. तुम्ही दुपारी या, आपण बसू, जेवू. आम्ही संध्याकाळच्या गाडीनं जाऊ, तुम्ही रात्री तिथंच आराम करा. अख्खी एक दुपार भेटणार होती मले. मी कुरडया तळून डब्यात भरल्या, का तिथं तेल कढई कोण देईन. याईनं पेटीतून जुना तिकिटाचा चिमटा काढला. मशीन यायच्या आधी तिकिटाले भोक पाडत ना, तो. खोबऱ्याचं तेल लावून त्याचा गंज काढला, रिकाम्या कागदावर टकटक वाजवून पाह्यला. "मंजीले देतो. म्हणीन, आता तू कंडक्टर." असे खुशीत माह्या नवऱ्याले मी अश्वजितच्या मागं पहिल्यांदाच पाह्यलं.

विमानतळावर अश्वजितचा एक दोस्त आला. त्यानं आम्हाले गाडीत बसवलं, स्टेशनाचं नाव कागदावर लिहून देलं अन् म्हणला, "काका, गाडी जास्त थांबत नाही, लगेच उतरा." याईनं मान हालवली. दोस्त गेल्यावर म्हणे, "मले गाडी शिकवून राह्यला."

गाडी सुटलीच उशिरा. मधात वावराच्या कडेले उभी राह्यली ते हालेचना. बाहेर हिरवंगार, पण वावरात एक माणूस दिसन तं शपथ. आमचा फोन वायफाय असलं तरच चाले, अन् गाडीतलं वायफाय काही केल्या लागेना. माही दुपार तिथं बसल्या बसल्या सरून राह्यली होती. हे आपले डब्यात इकडून तिकडं पाहून राह्यले, का ह्या गाडीचा कंडक्टर कुठं आहे अन् त्यानं पॅसेंजरले काही सांगाव का नाही.

शेवटी ते स्टेशन आलं. नाव कागदाशी जुळवून पाह्यलं, तेच होतं. माणसं उठले. मी पिशवी घेऊन दारापाशी गेली. मागं पाह्यलं तं हे बसूनच.

म्हणलं, "उठा ना."

"उतरू दे वं लोकाले. घाई काय?"

लोक भराभर उतरले. डबा रिकामा झाला. अन् मंग आमचे कंडक्टर उठले अन् मागच्या टोकाले चालले. मी म्हणलं, "अहो, इकडं, इकडं दार आहे." हे शिटाखाली वाकेल. वरच्या फळीवर हात फिरवून राह्यले. पासपोर्ट, पैसे, कागद, सारं याईच्या खिशात, मी एकटी उतरून काय करू? तरी एक पाय खाली टाकावं असं मनात आलं. तेवढ्यात दार पी पी पी वाजलं अन् आपोआप लागलं.

हे पळत आले. हातात कोण्या लेकराची टोपी, शिटाखाली सापडेल. दाराले कडी नाही, मूठ नाही. एक बटन होतं, ते दाबलं, दाबलं, काही नाही. गाडी हालली. अन् मंग याईनं हात वर केला. वर, छताकडं. घंटीची दोरी शोधून राह्यले होते. तिथं दोरी कुठली? तरी हात तसाच वर, बोटं हालून राह्यले, अन् बाहेर फलाट मागं मागं सरकत गेला.

पुढचं स्टेशन लवकर येईचना. पुढच्या गावाले उतरलो, एका बाईले कागद दाखवला, तिनं हाताले धरून दुसऱ्या फलाटावर नेलं. परतीच्या गाडीले उशीर, तिथं बसलो. मले वाटे रडाव, पण म्हणलं, ऊन तं अजून चांगलं आहे. आपल्याकडं एवढं ऊन म्हणजे दुपारच. अजून दुपार आहे, सिंधू, पोरगी असन अजून. त्या देशात उन्हाळ्यात रात होईपर्यंत ऊन राह्यते, हे मले कोण सांगणार होतं? त्या उन्हानं मले शेवटपर्यंत फसवलं.

हॉटेलचं दार स्टेशनातूनच होतं. आम्ही धावतच आत गेलो. टेबलामागं एक पिकल्या केसाची बाई होती. मी म्हणलं, "मंजी? मंजुश्री?" तिनं आमच्याकडं पाह्यलं अन् तिचं तोंड उतरलं. मले तवाच कळलं. मंग ते आपल्या फोनमधे बोलली अन् फोन हिंदीत बोलला, "वे लोग चले गए. आपका बहुत इंतज़ार किया."

बाई भली होती. तिनं आम्हाले बसवलं, पाणी देलं अन् एक एक वाक्य करून सारं सांगितलं. मंजीचा हट्ट होता का आबा उतरतांना वरून व्हिडिओ काढायचा, म्हणून दोघी खाली न येता खिडकीतच थांबल्या. गाडी आली. सगळे उतरले, आम्ही नाही. सूनबाईनं खाली येऊन सारा फलाट पाह्यला, स्टेशनातल्या माणसाले विचारलं. एक गाडी सोडली, दुसरीही सोडली. तिसरी सोडली असती तं विमान गेलं असतं. पोरगी जायाले तयार नव्हती. तिले उचलून न्या लागलं.

याईनं हातातली टोपी टेबलावर ठेवली. "किसी बच्चे की है," म्हणे. "गाडी में मिली." बाईनं टोपीकडं पाह्यलं, मंग याईकडं पाह्यलं, अन् ते आत ठेवून देली.

रूममधे गेलो. दोन पलंग होते. खिडकीपाशी एक खुर्ची ओढून ठेवेल, अन् खिडकीच्या काचेवर खाली, खुर्चीवर उभं राह्यल्यावर लेकराचं नाक लागन तिथं, तेलकट डाग होता. मी तिथं हात लावला. मंजीले हात लावायचा होता, तो काचेले लावला. तवा मले रडू आलं.

तिथलं वायफाय लागलं. याईनं सूनबाईले फोन लावला. तिनं उचलला. ते इंग्रजीत काहीबाही बोलून राह्यली होती अन् रडून राह्यली होती. मले तिचं रडणं तेवढं समजलं. "मंजी?" मी म्हणलं. तिनं फोन फिरवला. मंजी गाडीच्या शिटावर झोपली होती, बूट घालूनच, तोंड उघडं. याईनं फोनपाशी तोंड नेलं अन् हळूच म्हणलं, टिंग टिंग. पोरगी काही हालली नाही. यानं पुन्हा केलं. मी म्हणलं, "झोपू द्या तिले." अन् मंग फोनही तुटला.

हे तोंड धुवाले गेले अन् नळ सोडून तसेच उभे राह्यले. मले पाठमोरे दिसत होते. खरं सांगते, मले इतका राग होता का ह्या माणसाले त्याच फलाटावर ढकलून द्याव. काय होतं त्या शिटाखाली? कोणाचं लेकरू झोपेल होतं तिथं? आपलं लेकरू इकडं खिडकीत उभं अन् तुम्ही परक्या शिटाखाली वाकून काय पाहून राह्यले होते? हे सारं माह्या तोंडात येऊन थांबलं. मंग त्याचे खांदे पाह्यले. हालून राह्यले होते. मी गिळलं.

तेवढ्यात फोन वाजला. सूनबाईनं दुपारपासून धाडेल सारे मेसेज आता एकामागून एक येऊन राह्यले होते. मले अक्षर वाचता येत नव्हते. एक व्हिडिओ होता, तो उघडला.

मंजीनं काढेल. वरून, ह्याच खिडकीतून. फलाट दिसते, आमची गाडी येते. मागून मंजीचा आवाज, "आली, आली, आबाची गाडी आली." माणसं उतरतात. "हा नाही. हे नाही. हे म्हातारी आहे पण आजी नाही." लोक पांगतात. फलाट रिकामा होते. "सगळे उतरले," मंजी म्हणते. "आबा नाही आले." गाडी हालते. अन् एका डब्याच्या काचेतून हे दिसतात. पांढरा सदरा, अन् हात वर. मी पिशवी धरून बाजूले. एक पळभरच, मंग दुसरे डबे येतात. पोरीचं ध्यान रिकाम्या फलाटाकडं, तिले काही दिसलं नाही. गाडी गेल्यावर ते बारीक आवाजात म्हणते, "टिंग." अन् व्हिडिओ बंद होते.

हे तोंड पुसत बाहेर आले. "काही आलं काय?"

"नाही," मी म्हणलं. "कंपनीचा मेसेज." अन् फोन उशीखाली टाकला. त्याचं दुःख हलकं करायाले माह्याजवळ दुसरं काही नव्हतं. तो व्हिडिओ तरी त्याले दिसू नये असं वाटलं.

रात्री त्या फलाटावर गाड्या येत राह्यल्या. हे पलंगावर बसूनच होते. कुरडयाचा डबा आम्ही त्या पिकल्या केसाच्या बाईले देऊन टाकला. चिमटा याईच्या खिशातच राह्यला.

परतीच्या विमानात मी डोळे मिटून पडली होती. हे बाजूले. कितीक वेळानं, माह्याकडं न पाहता म्हणे, "सिंधू, तो व्हिडिओ लपवू नको. तू झोपली तवा मी पाह्यला."

मी डोळे उघडले नाही.

"हात वर आहे माहा," हे म्हणे. "मोठी झाल्यावर पाहीन मंजी कधी. दिसीन मी तिले. तिले वाटन, आबा गाडीतच होता, टाटा करून निघून गेला."

मी म्हणलं, "असं काऊन वाटन? मी सांगीन ना तिले, घंटी शोधत होते म्हणून."

"कवा सांगशीन?"

मी त्याच्या हातावर हात ठेवला. तो हात त्यानं काढला नाही, धरलाही नाही.

मेहकरले उतरलो. जानेफळची गाडी लागेल होती. कंडक्टर बाई होती, नवी पोरगी, पण हे तिले ओळखीचे. "साहेब, फॉरेनहून आले म्हणे. नातीले भेटले काय?" हे नुसतं हसल्यावाणी करून खिडकीकडं तोंड करून बसले. तिनं डबल बेल मारली. मी याईकडं पाह्यलं. त्याईनं डोळे मिटून घेतले होते.

जानेफळ आलं. शेवटचं स्टॉप, गाडी इथूनच फिरते. लोकाईनं अजून पिशव्याही उचलल्या नव्हत्या, अन् हे उठले. सगळ्याच्या आधी. बाया-माणसाले कोपर लावत, "सरका, सरका" म्हणत दारात गेले अन् गाडी पुरी थांबायच्या आत खाली उतरले. मागं पाह्यलं नाही. बॅग घेतली नाही. मी उतरली का नाही, तेही पाह्यलं नाही. सरळ घराच्या वाटेले लागले. आमच्या लग्नापासून मी हा माणूस असा पाठमोरा, माह्या पुढं जातांना कधी पाह्यला नव्हता.

लोक उतरत गेले. मी बसून राह्यली. गाडी रिकामी झाली तशी मी उठली, अन् काय वाटलं कोण जाणे, मागच्या टोकाले गेली. शेवटच्या शिटाखाली वाकून पाह्यलं. मंग त्याच्या पुढच्या. मंग त्याच्या पुढच्या. गुडघे दुखून राह्यले होते. वरच्या फळीवर हात फिरवला.

खालून कंडक्टर पोरगी म्हणे, "काकू, काही राह्यलं काय?"

आमच्या शिटावर, हे बसले होते तिथं, तिकिटाचा चिमटा पडेल होता. विसरले का मुद्दाम ठेवला, मी अजून विचारलं नाही. मी तो उचलून पदरात बांधला, म्हणलं, "हाव, आमचंच होतं," अन् उतरली.